सकाळच्या चुका

माणसाला दोन अंगठे असतात एवढंच त्या यंत्राला ठाऊक होतं. ते दोन्ही एकाच माणसाचे आहेत का, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही सांगायला गेलो नाही. टॅब उघडायला लावायचा डावा अंगठा शालूचा, उजवा माझा. काकानं टॅब घरी आणला त्या दिवशी ही शक्कल शालूनंच काढली आणि सगळं घर हसलं. दोन पोरींना दोन टॅब घ्यायचे तर वर्गणीही दोनदा भरायची, आणि अभ्यास तर दोघींचा एकच, बारावी सायन्स. खात्यावर माझं, गार्गीचं, नाव घातलं, कारण 'शाल्मली' टाइप करायचासुद्धा शालूला कंटाळा. आमच्या कराडात अशी एका नावावर दोघं-तिघं शिकणारी घरं गल्लीगल्लीत निघतील. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

शालू म्हणजे माझी चुलत बहीण. काका-काकू खाली राहतात, आम्ही वर, आणि स्वयंपाकघर एकच, खालचं. काकाचं हायवेला गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान आहे, माझे बाबा साखर कारखान्यात हिशेब बघतात. शालू माझ्याहून काही महिन्यांनी मोठी, आणि त्या काही महिन्यांचा तोरा तिनं जन्मभर मिरवला. मी पहिली ओळ वाचत असायचे तेव्हा हिचं उत्तर लिहून झालेलं असायचं. निम्म्या वेळा चुकीचं असायचं असं मी तिला चिडवायचे. ते खोटं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही.

आता या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याचं नाव 'उजळणी'. आई-बाबांच्या वेळची ॲप्स प्रश्न द्यायची, उत्तर चुकलं की लाल फुली मारायची, आणि अख्ख्या महाराष्ट्राला तोच व्हिडिओ दाखवायची. उजळणी उत्तराकडे फारसं बघतच नाही. ती हात बघते. काचेवर पेन कुठे अडखळतं, कुठे दाब वाढतो, काय खोडलं, एवढंच काय, पेन टेकायच्या आधी त्याचं टोक हवेत कुठल्या आकड्याकडे निघालं होतं, हे सगळं ती टिपून घेते. त्यातून तिच्याकडे माणसाचा चूकनकाशा तयार होतो. तुम्ही कुठे घसरता, कशामुळे घसरता, न कळल्यामुळे की घाईमुळे. तो नकाशा पुरेसा भरला की चूक व्हायच्या आधीच ती टोकते. व्हिडिओसुद्धा तयार असा नसतोच. तुम्हाला ज्या पद्धतीनं कळतं त्या पद्धतीनं बोलणारा शिक्षक ती जागच्या जागी घडवते.

आणि ती विसरण्याचा हिशेब ठेवते. शिकलेलं डोक्यातून गळत असतं, प्रत्येकाचं वेगळ्या वेगानं, आणि गळायच्या बेताला आलं की नेमकं तेव्हाच पुन्हा विचारलं तर ते पक्कं बसतं. म्हणून जे येतं ते ती उगाच विचारत नाही, आणि जे निसटायला लागलंय त्याचा पिच्छा सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कळतं तर दोन पोरी कळल्या नाहीत? नाही कळल्या. कारण माणूस सकाळी जसा असतो तसा संध्याकाळी नसतो, हे बनवणाऱ्यांनी तिला मोठ्या कौतुकानं शिकवून ठेवलेलं. प्रत्येकाचे ती दोन नकाशे ठेवते, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. शालू सकाळी बसायची, मी संध्याकाळी. यंत्राचा समज असा झाला की गार्गी नावाची एक मुलगी सकाळी धडाधड सोडवते आणि घाईत घसरते, आणि संध्याकाळी तीच मुलगी एकेक ओळ चार-चार वेळा तपासत बसते. सकाळी शिकवायला एक भरभर बोलणारी बाई यायची. तिची उदाहरणं सगळी गाड्यांची आणि बॅटऱ्यांची. संध्याकाळी एक संथ सर यायचे. त्यांचं बोलणं ऐकून शालू जांभया द्यायची.

एक अडचण होती. शालूनं सकाळी एखादा धडा पक्का केला की यंत्राला वाटायचं, झालं, गार्गीला हे आलं. मग संध्याकाळी तो धडा मला मिळायचाच नाही. तिचंही तसंच. त्यामुळे आपोआप वाटण्या झाल्या. ऑप्टिक्स आणि न्यूक्लियर तिचं, रोटेशन आणि करंट माझं. कॉलेजातून आलो की जिन्यावर बसून आम्ही एकमेकींना आपापलं अर्धं शिकवायचो. तिचं शिकवणं म्हणजे हातवारे आणि "एवढं सोपं आहे, मठ्ठ." पण कळायचं. टॅबच्या कोपऱ्यात परीक्षेतल्या मार्कांचा अंदाज दिसत असे, तो चांगला होता. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल इतका चांगला. तो दोघींचा मिळून होता, हे तेव्हा मनातही आलं नाही.

दिवाळीनंतर शालूला ताप आला. आधी साधा वाटला, मग दवाखान्यात नेलं, मग ती परत आली नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे आठवत नाही असं नाही. सगळं आठवतं, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा. पण त्याला हात लावला तर काही लागत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं.

मी रडले नाही. त्याचा घरात बराच बोभाटा झाला. आत्यानं मला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं आणि रड गं बाई, मोकळी हो, असं सगळ्यांसमोर म्हणाली. मी तिला पाणी हवंय का विचारलं. शेजारच्या बायका आपसात म्हणाल्या की पोरीनं धसका घेतलाय. धसकाबिसका काही नव्हता. मी जेवत होते, झोपत होते, विचारलेल्याला उत्तर देत होते. आत काही होत नव्हतं एवढंच. काकूसुद्धा बोलायची बंद झाली होती, पण तिला कुणी नावं ठेवली नाहीत. ती आई होती ना.

तेराव्यानंतर बाबांनी हळूच सुचवलं की परीक्षा काही थांबणार नाही. मी टॅब उघडला. संध्याकाळची वेळ होती. संथ सर आले, नेहमीसारखा नमस्कार केला आणि म्हणाले की गार्गी, तू बरेच दिवस सकाळी आली नाहीस. ऑप्टिक्स आणि न्यूक्लियर तू विसरायला लागली आहेस. मग खाली उतरत जाणारी एक रेघ दाखवली. कोपऱ्यातला अंदाज घसरला होता.

मी त्या रेघेकडे बघत बसले. मी काही विसरत नव्हते. ते मला नीट कधी आलंच नव्हतं. आलं होतं ते शालूला, आणि यंत्राच्या लेखी ते आता एकेका दिवसानं कमी होत होतं. मेलेलं माणूस असं कमी होत जातं का, असा एक विचार आला आणि गेला. मग मी गजर लावला, कारण ऑप्टिक्स शिकायचं तर सकाळीच बसावं लागणार होतं. संध्याकाळी विचारलं की सर म्हणायचे, हे तुला सकाळी जास्त चांगलं कळतं.

सकाळी मी खाली, शालूच्याच जागी बसले, स्वयंपाकघराच्या दाराशी. वर नेटवर्क धड नाही म्हणून अभ्यास कायम तिथेच चालायचा. अंगठा ठेवला. भरभर बोलणारी बाई आली. चला, खूप मागे पडलोय, असं म्हणून तिनं लगेच गणित घातलं. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, वस्तू तीस सेंटिमीटरवर, तर प्रतिमा कुठे? मी पेन उचललं, अजून टेकवलंही नव्हतं.

"थांब," बाई म्हणाली. "आधी प्रश्न पूर्ण वाच. मग चिन्हं बघ. बारा येईल, आणि सुटसुटीत आकडा आला म्हणून तू ते बरोबर धरशील."

आरशाच्या गणितात आरशासमोरची अंतरं उणे धरायची असतात. दोन अंतरांपैकी एकाचंच उणे विसरलं तर उत्तर बारा येतं, दोन्ही धरली तर उणे साठ. मी चिन्हं कधी विसरत नाही. माझी खोड वेगळी, मी साठ काढीन आणि मग ते साठच आहे ना म्हणून परत परत बघत बसेन. चिन्हं विसरायची शालू. उत्तर सुटसुटीत आलं की तिला शंकाच यायची नाही. बाई तिला टोकत होती.

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. काकू हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिचं तोंड कसंतरीच झालं होतं.

"कुणाला म्हणाली ती?"

"मला," मी म्हटलं.

"तुला नाही," काकू म्हणाली.

मग मी तिला सगळं समजावलं. दोन नकाशे, सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि सकाळचा अजून शालूचाच आहे ते. तिला किती कळलं देव जाणे. तिनं एवढंच विचारलं की म्हणजे शालू कुठे चुकते ते हिच्याकडे आहे का. मी म्हटलं, आहे. काकू आत गेली, गॅस बंद केला, लसणाचे गड्डे घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि सोलायला लागली.

तेव्हापासून ती रोज बसायची. टॅबकडे बघायची नाही, नुसतं ऐकायची. बाईनं टोकलं की मान हलवायची. एकदा किरणोत्साराचं गणित होतं. अमुक काळानंतर पदार्थाचा किती भाग नष्ट झाला असेल, असं विचारलं होतं. बाई म्हणाली, किती उरला ते काढून मोकळी होऊ नकोस, किती गेला ते विचारलंय. तेव्हा काकू आपल्याशीच पुटपुटली, "वाचतच नाही नीट कार्टी." ते कार्टी माझ्यासाठी नव्हतं. आमच्या घरात कार्टी एकच होती. काका दुकानात निघताना दारात दोन मिनिटं थांबायचा, ऐकायचा आणि चप्पल घालून जायचा. शालू गेल्यापासून मुकी झालेली काकू पुन्हा बोलायला लागली होती.

पण यंत्राला काय त्याचं? मी आपली नीट सोडवत होते. चिन्हं बरोबर, प्रश्न पूर्ण वाचलेला, उत्तर जसं येईल तसं. एकेक चूक परत होत नाही असं दिसलं की बाई तिच्याबद्दल टोकणं बंद करायची. तिचं तरी काय चुकलं, तिला बनवलंच त्यासाठी. आधी बारा-साठचं टोकणं गेलं. मग एका सकाळी ती म्हणाली की शाब्बास, चिन्हांची अडचण आता तुला राहिलेली नाही, पुढे जाऊ. त्या दिवशी तिनं एकदाही थांब म्हटलं नाही. लसूण सोलून संपला तरी काकू तशीच बसून राहिली.

"आज काहीच बोलली नाही ती," काकू म्हणाली.

कोपऱ्यातला अंदाज वर चढत होता. मला बरं वाटायला हवं होतं. माझं एक-एक बरोबर उत्तर शालूची एक-एक गोष्ट पुसत होतं, त्याचं वाईटही वाटायला हवं होतं. दोन्ही वाटलं नाही. पण काकू रिकाम्या ताटलीकडे बघत होती ते मला दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी आरशाचं गणित आल्यावर मी बारा लिहिलं.

बाई थांबली. परत तेच, म्हणाली, काल तर येत होतं. आणि काकू हसली. खरंच हसली, दात दिसेपर्यंत. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी तेच केलं. रोज सकाळी शालूसारखी चुकायला लागले. आधी चिन्हं. मग किती गेलं याच्या जागी किती उरलं. मग सेंटिमीटरचे मीटर न करता तसेच आकडे घालायचे. उत्तर एकोणीस पूर्णांक काहीतरी आलं की वीस ठोकायचं. यात एक सुख होतं, म्हणजे सुख नाही, पण वेळ भरायचा. चुकीचं लिहायला आधी बरोबर काढावं लागतं, त्यामुळे दुप्पट विचार करावा लागायचा, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसायचं. बाई पुन्हा पूर्वीसारखी टोकायला लागली. पुढे पुढे तर ती प्रत्येक गणिताला टोकायची. काकू लसूण सोलायची. घरात इतका लसूण झाला की आईनं चटणी करून शेजारी वाटली.

अंदाज खाली आला. आधी थोडा, मग धाडकन. उजळणी पालकांना निरोप पाठवते, ते आम्ही विसरलो होतो. बाबांच्या फोनवर निरोप आला की गार्गीचा सकाळचा अभ्यास झपाट्यानं बिघडतो आहे. बाबा वर आले, त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं मला काही वाटलंच नाही. आई ऐकत होती. बाबांचं डोकं हिशेबाचं, ते म्हणाले की नवं खातं काढू, कोरं, तुझं एकटीचं. पण एका विद्यार्थ्याचं एकच खातं, म्हणजे जुनं मिटवावं लागणार. आणि परीक्षा तोंडावर आलेली, कोऱ्या खात्याला मी कळायलाच महिने जाणार. जुनं मिटवायचं म्हणजे काय मिटवायचं हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

बाबा उठून गेल्यावर आईनं दार लोटलं. आई आणि काकू जावा-जावा, पण सख्ख्या बहिणींसारख्या राहिलेल्या. एकीनं भाजी चिरायची, दुसरीनं फोडणी द्यायची, असं आयुष्य गेलेलं. शालू गेल्यावर आईनं काकूला भरवलंय. ती माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिची गेली. आता तूसुद्धा जायचं ठरवलंयस का?"

मी म्हटलं, मी कुठे चाललेय. आई म्हणाली की हेच, हे असं बोलतेस ना, हेच मी म्हणतेय. मग ती रडली. मी तिला रुमाल दिला. त्या क्षणी मला माझीच भीती वाटली असं म्हणायला हवं, पण तीही धड वाटली नाही.

आईनं फर्मान काढलं की उद्यापासून सकाळचा अभ्यास वर करायचा. नेटवर्क नसेल तर बाबा काहीतरी बसवून देतील. मी दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन वर बसले. थोड्या वेळानं काका जिना चढून आला. काका वर येत नाही सहसा, त्याचे गुडघे दुखतात. दारात उभा राहून त्यानं इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग म्हणाला की खाली बसलीस तर बरं होईल. आईकडे त्यानं बघितलं नाही. आईनंही पोळी लाटणाऱ्या बाईसारखी मान खाली घातली, हातात काही नसताना. मी टॅब उचलला आणि खाली गेले.

काकू दारात ताटली घेऊन बसलेलीच होती.

असेच दिवस गेले. प्रॅक्टिकल झाली. लेखी परीक्षा आता हाकेच्या अंतरावर होती. अंदाज इतका खाली गेला होता की सरकारी कॉलेज सोडा, कुठलंच धड कॉलेज मिळालं नसतं. रोज वाटायचं, उद्यापासून नीट सोडवीन. पण नीट सोडवलं तर आठवड्याभरात सकाळची बाई गप्प होणार आणि काकू पुन्हा मुकी होणार, हे पाहिलेलं होतं. आणि नाही सोडवलं तर माझं वर्ष जाणार. दोन्ही समोर दिसत होतं आणि मी मधे बसून बारा लिहीत होते.

मग ती सकाळ आली. गणित भिंगाचं होतं. मी मनात बरोबर उत्तर काढलं, मग पेन वळवलं आणि चुकीचं लिहिलं. बाईनं लगेच टोकलं नाही. मग तिचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश आला.

"गार्गी, गेले बरेच दिवस तुझं पेन आधी बरोबर उत्तराकडे जातं आणि मग वळतं. या चुका खऱ्या नाहीत. तुला हे सगळं येतं. सकाळचा नकाशा आता वेगळा ठेवायची गरज उरलेली नाही. संध्याकाळच्या नकाशात मिळवून टाकू का?"

खाली दोन चौकोन आले. हो आणि नाही.

लसणाच्या सालीचा आवाज थांबला. मी काकूकडे बघितलं नाही. मला वाटलं, झालं, आता तिला कळलं. इतके दिवस मी तिला फसवत होते, तिच्या पोरीच्या जागी बसून. आता ती ओरडेल, किंवा उठून आत जाईल आणि परत कधी बाहेर येणार नाही.

"मला माहीत होतं," काकू म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं.

"माझी शालू एवढी ढ नव्हती गं."

तिचा आवाज अगदी साधा होता. मग ती बोलत राहिली, हातातल्या पाकळीकडे बघत. शालू इथे बसायची तेव्हा मी आत पोळ्या करत रोज ऐकायचे, म्हणाली. सकाळभरात एकदा टोकायची ती बाई, फार तर दोनदा. मग शालू तिला उलट काहीतरी बोलायची आणि धडाधड पुढे जायची. तू पहिल्या दिवशी चुकलीस तेव्हा वाटलं, आली माझी पोर. म्हणून हसले. पण मग तू रोजच चुकायला लागलीस, प्रत्येक गणितात. कुणीतरी तिची नक्कल करतंय आणि तीही धड जमत नाहीये, असं वाटायचं.

मी विचारलं, "मग बसत का होतीस?"

"तू करत होतीस म्हणून," काकू म्हणाली. "तू रडली नाहीस, कुणाशी बोलली नाहीस. नुसती भिंतीसारखी. तेवढी एक गोष्ट तू मनापासून करत होतीस. म्हटलं, मी उठले तर तेही बंद करेल ही."

म्हणजे मी तिच्यासाठी चुकत होते आणि ती माझ्यासाठी ऐकत होती. इतके दिवस. आणि शालू त्यात नव्हतीच, केव्हाची नव्हती.

काकूनं ताटली बाजूला ठेवली. पदराला हात पुसले आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

"दाब आता."

मला जमेना. बोट पुढे जायचं आणि तिथेच राहायचं. काकूनं माझा हात धरला नाही, मला समजावलं नाही, घाईही केली नाही. खाली मांडी घालून नुसती बसून राहिली. शेवटी मी 'हो' दाबलं.

बाई गेली. निरोपबिरोप काही नाही, यंत्रच ते. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग संध्याकाळचे सर आले आणि भर सकाळी नमस्कार म्हणाले. कोपऱ्यातला आकडा हलला. तो चढला, चढत राहिला, सरकारी कॉलेजच्या वर गेला, शालू असताना आमचा दोघींचा मिळून होता त्याच्याही वर जाऊन थांबला. आता तो माझा एकटीचा होता.

तो आकडा बघितला आणि मला शालूची आठवण आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, खरी, दुखेल अशी. ती हे बघायला नव्हती. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त आले तर ती महिनाभर अबोला धरायची, आणि आता कोण धरणार होतं? मग घशातून काहीतरी आवाज आला. तो माझाच आहे हे मला थोड्या वेळानं कळलं. मी काकूच्या मांडीत डोकं घातलं. तिच्या हातांना लसणाचा वास येत होता. वरून आई धावत आली असावी, कारण जिन्यावर पावलं वाजली आणि मधेच थांबली.

"रड," काकू म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.

टॅबवर सर आपल्या संथ आवाजात पुढचा प्रश्न वाचत होते आणि आम्हा दोघींपैकी कुणीही तो ऐकत नव्हतं.